पत्रिकेतली जादा ओळ

तुमसरला माझ्या काकांचं छपाईचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये पडदा लावलेलं दार. लग्नसराईत पडद्याच्या अलीकडे पुरुष बसायचे, पलीकडे बायका. पुरुष पत्रिकेचा मजकूर सांगायचे आणि कोणाचं नाव वर, कोणाचं खाली यावरून आवाज चढवायचे. बायका आत काकूजवळ चहा पीत बसायच्या. पत्रिकेचा रंग कुठला आणि गणपती मधोमध हवा की कोपऱ्यात, एवढंच त्यांना विचारलं जायचं.

मी नागपूरहून संगणकाचा डिप्लोमा करून नुकतीच लाखनीला घरी आले होते. नोकरीचा पत्ता नव्हता. हायवेवरचे ट्रक बघत बसण्यापेक्षा काकाच्या दुकानात थोडे दिवस हातभार लाव, असं बाबा म्हणाले आणि मी बॅग घेऊन तुमसरला राहायला आले. डिप्लोम्याचा मला तेव्हा भारी ताठा होता. शिवाय एक जुनी खोड होती, ती अजून आहे. एखादी गोष्ट अशी का झाली हे कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. आई म्हणायची, हिला शेजारची मांजर कुठे व्याली तेसुद्धा माहीत पाहिजे.

दुकानात एकच संगणक होता. काका त्याला मशीन म्हणत. ती सुरू व्हायला इतका वेळ घ्यायची की तेवढ्यात माणसाचा चहा पिऊन व्हावा. तिच्या आतल्या घड्याळाची बॅटरी कधीची मेली होती, त्यामुळे रोज सकाळी ती कुठल्यातरी जुन्याच एक जानेवारीला जागी व्हायची. त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. गिऱ्हाइकंही त्याच वळणाची. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन बराच काळ लोटला होता, तरी तिरोड्याकडची माणसं मजकुरात 'जि. भंडारा' असंच लिहून आणायची, आणि बदलू का विचारलं तर रागवायची.

मशीनवर बसायची ती सिहोऱ्याची एक मुलगी, माझ्याहून थोडी लहान. सकाळी जीपगाडीत दाटीवाटीने बसून यायची आणि संध्याकाळी शटर पडायच्या आधी निघायची. वडील नव्हते. घरी ती आणि आई. हे काम होतं म्हणून तिची आई लग्नाची घाई करणाऱ्या नातेवाइकांना थोपवू शकत होती. काम गेलं की आईबरोबर दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवण्याला जायचं आणि येईल त्या स्थळाला हो म्हणायचं, हे तिने मला ओळख झाल्या झाल्याच सांगून टाकलं होतं. रडगाणं म्हणून नव्हे, बसची वेळ सांगावी तसं.

एका दुपारी धानाचा एक व्यापारी तणतणत दुकानात आला. त्याच्या घरी पुतणीचं लग्न होतं. मुलीचे वडील, म्हणजे त्याचे थोरले भाऊ, वारलेले. म्हणून निमंत्रण त्याच्या नावाने होतं. आमच्याकडून छापून नेलेली पत्रिका त्याने टेबलावर आपटली आणि निमंत्रकांच्या नावांवर बोट ठेवलं.

"हे वरचं नाव कोनं टाकलं जी?"

वरचं नाव मुलीच्या आईचं होतं. 'श्रीमती' लावून, सगळ्यांच्या आधी.

विधवा बाईचं नाव निमंत्रकांत घालायचं नाही, अशी काही घरांत पद्धत होती. सगळ्यांत नव्हे, पुष्कळ घरं आपणहून घालायची. पण जी घालत नसत ती अगदी कडक. मुलीच्या वडिलांचं नाव 'कै.' लावून छापायचं, चुलते, मामे, आत्येभाऊ सगळे छापायचे, आणि आई धडधाकट असून पत्रिकेत कुठेच नाही. मी अशा कितीतरी पत्रिका पाहिल्या होत्या आणि त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंही नव्हतं.

काकांनी मंजूर झालेलं प्रूफ शोधून काढलं. त्यावर व्यापाऱ्याची सही होती आणि ती ओळ नव्हती. म्हणजे संध्याकाळी प्रूफ मंजूर झालं आणि दोन दिवसांनी बटर पेपरवर छपाईची प्रत निघाली, त्या दरम्यान कोणीतरी फाइल उघडून नाव घातलं होतं. मंजूर पत्रिका पुन्हा कोण वाचतो? काका हात जोडून म्हणाले की सगळ्या पत्रिका फुकट छापून देतो. त्यावर व्यापारी आणखीनच चिडला.

"आता काय छापता? पहिली पत्रिका देवाले देऊन आलो, हळद-कुंकू लावून. देवापुढं गेलेली पत्रिका बदलत असते काय?"

तो गेला. पत्रिका तशीच वाटली जाणार होती. काका मुलीकडे वळले.

"काहून बाई, काय केलं हे?"

"मी नाही केलं, काकाजी."

"मंग मशीननं केलं काय?"

ती खाली बघत राहिली. काका काही वाईट माणूस नव्हते. पण पत्रिकांवर त्यांचं घर चालत होतं, आणि तुमसरच्या बाजारात एक गोष्ट पसरायला तुरीच्या डाळीला उकळी यायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. ते म्हणाले, "एवढी लग्नसराई होऊ दे. मंग तू घरीच राह्य." ती चहाचे कप धुवायला गेली तेव्हा मला हळूच म्हणाले, "तिची माय तशीच आहे ना. दुसरं कोन करन असं?"

खरं सांगायचं तर मला त्या मुलीची दया आली म्हणून मी पुढचं सगळं केलं नाही. मला कोडं पडलं म्हणून केलं. कामावर पाणी सोडायची वेळ आलेली मुलगी आपली बाजू मांडत का नाही? आणि तिने केलं नसेल तर मग कोणी केलं? नव्याने आलेलं माणूस म्हणजे मी. ते मला सुचल्यावर मी थोडी घाबरलेसुद्धा.

फाइल शेवटची कधी बदलली हे संगणक सांगतो, पण आमची मशीन एक जानेवारीच्या पुढे जातच नव्हती. तिच्या तारखेवर विश्वास ठेवणं म्हणजे दारुड्याला रस्ता विचारणं. मग मला डिप्लोम्यातली एक गोष्ट आठवली. कुठल्याही फाइलमधून गणिताने अक्षरांची आणि आकड्यांची एक ओळ काढता येते. ती त्या फाइलचा अंगठ्याचा ठसाच समजा. फाइल तशीच राहिली तर ठसा तोच. आत एक टिंब जरी हललं तरी ठसा पार वेगळा. तारीख खोटी असली तरी ठशाला काही फरक पडत नाही.

ठसा काढणारा छोटा प्रोग्रॅम माझ्याकडच्या एका सीडीत होता. मी नोटपॅडमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली. संध्याकाळी शटर पाडताना तिने मशीनमधल्या एकेका फाइलचा ठसा काढायचा, पत्रिकांच्या फाइलींची एक नक्कलही ठेवायची आणि ते सगळं फ्लॉपीवर. फ्लॉपी माझ्या पर्समध्ये, कारण ठसेच मशीनमध्ये राहिले तर बदलणारा ते पण बदलेल. सकाळी मुलगी यायच्या आधी पुन्हा ठसे काढायचे आणि जुळवून बघायचे. जुळले तर काही बोलायचं नाही, न जुळले तर फाइलचं नाव दाखवायचं.

पहिल्याच सकाळी स्क्रिप्टने इतकी नावं दाखवली की मशीनचा स्क्रीन भरून वाहू लागला. मी मोठ्याने म्हणाले, "सगळंच बदललं." काका दात घासता घासता धावत आले. मग लक्षात आलं की मशीन सुरू होताना स्वतःच्या मनाने काही फाइली तयार करते आणि पुसते, आणि मी त्यासुद्धा चोरांत धरल्या होत्या. काका म्हणाले, "नागपूरले हेच शिकवतात काय?" त्या दिवशी मी जेवताना कोणाशी बोलले नाही. दुपारी स्क्रिप्ट सुधारली, फक्त पत्रिकांवरच नजर ठेवायला लावली. मग रोज सकाळी ती गप्प. मला त्या गप्पपणाची चटक लागली. दुकानात इतकी माणसं ये-जा करतात, एकमेकांवर ओरडतात, आणि तरी आतलं टिंबसुद्धा हललेलं नाही हे कळायला मजा वाटायची.

अशाच एका सकाळी स्क्रिप्टने एकच नाव दाखवलं.

आदल्या संध्याकाळी मंजूर झालेली पत्रिका होती ती. मी फ्लॉपीवरची नक्कल आणि मशीनमधली फाइल शेजारी-शेजारी उघडली. सगळं तेच. फक्त निमंत्रकांत वर एक ओळ जादा होती: श्रीमती, आणि एका बाईचं नाव. सिहोऱ्याची मुलगी अजून जीपमध्ये होती. आदल्या दिवशी ती निघाल्यावर मी ठसे घेतले होते आणि ती यायच्या आधी ते बदलले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं चाललं होतं आणि माझ्याजवळ त्याचा पुरावा होता. मी खुर्चीवर बसल्या बसल्या नाचायचं तेवढं बाकी होतं.

बदललेल्या फाइलची नक्कल पुराव्यासाठी फ्लॉपीवर घेऊन मशीनमधली फाइल मी पुन्हा मंजूर प्रुफासारखी करून ठेवली. मुलगी आल्यावर तिला बाहेर ओसरीवर नेलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर माझा हात धरेल. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमची ती स्क्रिप्ट मिटवून टाका."

"काहून? तुह्यं काम वाचते ना त्याच्यानं."

"असू द्या."

"तुले माहीत आहे कोनं केलं?"

ती चप्पल काढून आत गेली आणि मशीनपुढे बसली. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढी मेहनत करून मी तिला वाचवायला निघाले होते आणि हिला माझं कौतुकच नाही. पण रागापेक्षा उत्सुकता मोठी होती. दिवसभर मी एकच घोकत होते. शटरची किल्ली काकांच्या कमरेला. काका स्वतः हे करणार नाहीत. मी केलं नाही, निदान झोपेत चालायची सवय मला नाही. मग घरात उरलं कोण?

संध्याकाळी पर्समध्ये फ्लॉपी टाकताना माझ्या मनात आलं की रोज सकाळी मी दुकानात येते तेव्हा मशीन सुरूच असते. ती कोण सुरू करतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. पडायचं कारण नव्हतं. काकू पहाटे उठायची, अंगणात सडा घालायची, रांगोळी काढायची, देवपूजा झाली की पडदा सारून दुकानात यायची, मशीनला उदबत्ती ओवाळायची आणि सुरू करून ठेवायची. मशीन थंडी असली तर काम नीट करत नाही, गरम करून ठेवलेली बरी, असं ती म्हणायची. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. काकूने मशीन सुरू करणं हे तुळशीला पाणी घालण्यातलं काम होतं. त्याला कोणी मशीन वापरणं म्हणत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रोजच्यापेक्षा लवकर न्हाऊन ओल्या केसांवर पंचा गुंडाळून मी सरळ दुकानात गेले. पूजेचं ताट की-बोर्डच्या बाजूला ठेवून काकू खुर्चीच्या टोकाशी बसली होती. एका बोटाने टाइप करत होती. मला बघून दचकली नाही, उलट माझ्यावरच तक्रार केली.

"पाह्य ना, काल टाकलं होतं मी हे नाव. आज पाह्यलं तर गेलं. ही मशीन पुसून टाकते काय?"

"मी पुसलं," मी म्हणाले.

"काहून?"

मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. "काकू, तुले हे कोनं शिकवलं?"

"त्या पोरीनं, तू यायच्या आधी. तुह्ये काका जेवून झोपतात ना दुपारी, तेव्हा."

"आन ही नावं कुठून आनतेस?"

"बायका आत बसतात ना. मी विचारतो, तुमचं नाव काय बाई? काही जनींले तर सांगायलेच वेळ लागते. सगळ्या त्याईले अमक्याची माय म्हनतात, नाहीतर वहिनी." तिने बोट उचललं, नेमकं अक्षर शोधलं, दाबलं. "जिचं नाव बाहेर सांगत नाहीत, तिचंच टाकतो. एका ओळीनं पत्रिका काही जड नाही होत."

मला हसू आलं आणि तिचा थोडा हेवाही वाटला. एवढं धाडस माझ्यात नव्हतं. मग ती मुलगी आठवली आणि हसू गेलं. काकांनी व्यापाऱ्याचं प्रकरण घरात सांगितलंच नव्हतं. दुकानातलं दुकानात, अशी त्यांची रीत होती. काकू तेव्हा शेजारी पापड लाटायला गेलेली.

"काकू, त्या व्यापाऱ्याच्या पत्रिकेपायी काका त्या पोरीले कामावरून काढून राहिले. त्याईले वाटते तिनंच केलं."

काकूचं बोट तसंच अधांतरी राहिलं. "मंग ती मले काहून नाही बोल्ली?"

"तुह्यं नाव घ्यावं लागलं असतं ना तिले."

ओळ अर्धीच राहिली होती. काकूने ताट उचललं, मशीनला उदबत्ती ओवाळली आणि आत गेली. थोड्या वेळाने आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. मला वाटलं, संपलं. आता ही गप्प बसणार, आणि सांगायची वेळ माझ्यावर येणार. काकांना काकूचं नाव सांगायचं, की मुलीला घरी जाऊ द्यायचं? ठसे घ्यायची हौस माझी होती, पण ठसा कोणाचा निघेल याचा विचार मी केला नव्हता. सकाळभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. काका पावत्या लावत होते, मुलगी मशीनवर होती. पडदा सरकला आणि काकू बाहेर आली. काका दुकानात असताना ती दिवसाची कधी बाहेर येत नसे, म्हणून काकांनी मान वर केली.

"काय पायजे?"

"पोरीले काही बोलू नका. नावं मी टाकली."

काकांना आधी समजलंच नाही. "कायची नावं?"

"त्या व्यापाऱ्याच्या पत्रिकेतलं. त्याच्या आधीची बी आहेत. कोनी काही बोल्लं नाही म्हनून तुम्हाले समजलं नाही."

मुलगी उठून उभी राहिली होती. काकांचा चेहरा लाल झाला. "तुले अक्कल आहे काय? गिऱ्हाईक तोडशील तू माह्यं. कायले केलं हे?"

काकू टेबलाला धरून उभी होती. आवाज वाढवणं तिच्या स्वभावात नव्हतं, तेव्हाही तिने वाढवला नाही.

"माह्या लग्नाची पत्रिका याच दुकानात छापली. मामाजी, तुमचे बाबा, असताना, शिशाचे खिळे जुळवून. आठवते ना तुम्हाले? माह्ये बाबा गेले तेव्हा मी पाळन्यात होतो. मायनं लोकाच्या बांधीत राबून मोठं केलं मले. पत्रिका घरी आली तर तिनं हात धुतले, पुसले, मंग हाती घेतली. वाचता येत नोहतं तिले. मले म्हने, याच्यात माह्यं नाव कोनतं?"

बाहेरून हातगाडी गेली तिचा आवाज आला.

"तिचं नोहतंच. सगळ्यायचं होतं. मी कोनत्यातरी नावावर बोट ठेवलं. म्हटलं, हे. मंग ती आल्यागेल्याले दाखवे, हे पाहा, हे माह्यं नाव. ज्याईले वाचता येत होतं ते बी हो म्हनत. मरेपर्यंत पेटीत ठेवली होती तिनं ती पत्रिका."

काकांनी हातातल्या पावत्या टेबलावर ठेवल्या. त्या पत्रिकेचा मजकूर त्या वेळी कोणी लिहून दिला, कोणी तपासला, हे त्यांना आठवत असेल की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्या एका वेळी मला काही विचारावंसं वाटलं नाही.

काका मुलीला म्हणाले, "बस बाई. काम कर आपलं. लग्नसराई संपल्यावर बी ये." ती बसली, पण की-बोर्डला तिने हात लावला नाही. मग काका काकूकडे वळले. काहीतरी बोलायला गेले आणि अडले. आपल्या सासूला ते आयुष्यभर आई म्हणत आले होते. गावातली माणसं तिला काकूची माय म्हणत. दुसरं काही म्हणायची कोणाला कधी गरज पडली नव्हती.

"त्याईचं नाव काय होतं?" काकांनी विचारलं.

काकूने सांगितलं. काकांनी ते ऐकलं आणि एकदा स्वतःशी, हळूच म्हणून पाहिलं.